पाय काढल्यानंतरचे पहिले दोन महिने: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शुगरच्या जखमांवर लिहिलं होतं, त्यावर आलेली बरीचशी पत्रं जखमेच्याही पुढची निघाली, म्हणजे पाय काढावा लागला, पेशंटला घरी आणलंय, आता पुढे काय करायचं. म्हणून ह्या वेळी सगळी जागा त्यालाच दिलीय. नावं कोणाचीच टाकली नाहीत, फक्त गावं टाकलीयत, आणि पत्रं थोडी लहान केलीयत. इथे वाचून जे काही सुरू कराल ते तुमच्या सर्जनना आणि जवळच्या फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्या, कारण प्रत्येकाचा स्टंप, म्हणजे उरलेला पाय, वेगळा असतो आणि सोबतचे आजारही वेगळे असतात.

प्रश्न (बार्शी): ताई नमस्कार. माझे सासरे ६४ वर्षांचे आहेत, शुगर बरीच जुनी आहे. अंगठ्याला झालेली जखम वाढत गेली आणि गँगरीन झालं, शेवटी उजवा पाय गुडघ्याखालून काढला. ऑपरेशनला ९ दिवस झाले, परवा घरी आणलं, टाके अजून आहेत. दवाखान्यात एक मॅडम येऊन व्यायाम सांगून गेल्या पण तेव्हा सगळे इतके घाबरलेलो होतो की कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. भेटायला येणारे सगळे म्हणतात टाके निघेपर्यंत अजिबात हलवू नका. गुडघ्याखाली दोन उशा ठेवल्या की आण्णांना बरं वाटतं म्हणून दिवसरात्र तसंच ठेवतोय. व्यायाम आत्ता सुरू करायचा की टाके निघाल्यावर?

उत्तर: आत्ता. आणि व्यायामाच्याही आधी त्या दोन उशा काढा, हे वाचून झालं की लगेच जाऊन काढा.

मी इतकी घाई का करतेय ते सांगते. गुडघ्याखालून पाय काढला की गुडघा वाकवणारे मागचे स्नायू शाबूत असतात आणि त्यांना आता खाली पोटरीचं आणि पावलाचं वजन ओढून धरत नाही, त्यामुळे गुडघा आपोआपच वाकलेला राहायला बघतो. त्यात दुखतंय म्हणून पेशंट तो पोटाशी घेतो, आणि आपण प्रेमाने खाली उशी देतो. उशीवर बरं वाटतं हे खरंच आहे, पण दिवसचे दिवस तसंच राहिलं की गुडघा आखडतो आणि मग सरळ होत नाही, आणि सरळ न होणाऱ्या गुडघ्यावर नकली पाय नीट बसवताच येत नाही, बसवला तरी माणूस लंगडत आणि दमत चालतो. पहिल्या काही आठवड्यांत आखडलेला सांधा नंतर सोडवायला महिनोनमहिने लागतात आणि कधीकधी पूर्ण सुटतही नाही. सूज उतरावी म्हणून पहिले एक-दोन दिवस दवाखान्यात बेडची पायाकडची बाजू उचलतात, ते वेगळं, त्यात गुडघा सरळच असतो. घरी गुडघ्याखाली उशी नको, मांडीखाली नको, दोन मांड्यांच्या मध्येही नको. स्टंप पलंगाच्या कडेवरून खाली लोंबकळत ठेवून तासभर गप्पा मारत बसणं तेही नको. खुर्चीत किंवा व्हीलचेअरवर बसायचं असेल तर सीटवर एक गुळगुळीत फळी सरकवा, तिच्यावर पातळ घडी टाका आणि स्टंप त्या फळीवर समोर सरळ राहू दे.

आता व्यायाम. टाके असताना व्यायाम केला तर टाके तुटतील ही भीती घरोघरी असते, पण मी खाली लिहितेय त्यातलं काहीही जखमेवर जोर देऊन करायचं नाहीये. खरं तर चांगल्या दवाखान्यात हे दुसऱ्या दिवसापासूनच सुरू करतात, आणि ऑपरेशन आधीच ठरलेलं असेल तर त्याच्याही आधीपासून.

आण्णांना पाठीवर सरळ झोपवा. स्टंपचा गुडघा गादीत दाबायला सांगा, मांडीचा पुढचा स्नायू घट्ट झालेला तुम्हाला हात ठेवून कळेल, ५ मोजेपर्यंत धरायचं आणि सोडायचं, असं १० वेळा. मग गुडघा सरळ ठेवून अख्खा पाय वीतभर वर उचलायचा, हळू खाली आणायचा. मग दोन्ही कुल्ले आवळून धरायचे. मग मांड्यांच्या मध्ये टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची (व्यायाम झाला की गुंडाळी काढायची, तिथेच ठेवून झोपायचं नाही). श्वास रोखायचा नाही, म्हणून मोठ्याने आकडे मोजायला लावा, मोजताना श्वास आपोआप चालू राहतो, आणि ज्यांना बीपी किंवा हार्टचा त्रास आहे त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं. दिवसातून ३-४ वेळा थोडं थोडं करा, सकाळी एकदाच सगळं उरकून टाकू नका. उपाशीपोटी करू नका, आण्णा इन्सुलिनवर असतील तर साखर जवळ ठेवा, व्यायामाने शुगर खाली येऊ शकते.

आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पालथं झोपणं. दिवसातून दोन-तीन वेळा, सुरुवातीला ५-१० मिनिटं आणि हळूहळू २०-३० मिनिटांपर्यंत, पोटावर सपाट, डोक्याखाली उशी नाही, स्टंप सरळ आणि दुसऱ्या पायाला लागून, तोंड चांगल्या पायाच्या बाजूला वळवलेलं. ह्याने खुबा आणि गुडघा दोन्ही ताणले जातात. मऊ गादीत माणूस रुततो, त्यामुळे कडक गादी किंवा पलंगावर सतरंजी बरी. दमा, हार्ट, मोठं पोट ह्यामुळे पालथं जमतच नसेल तर जबरदस्ती नको, पाठीवर एकदम सपाट झोपवा आणि चांगला गुडघा हातांनी छातीशी ओढून धरायला सांगा, तेवढ्या वेळ स्टंप गादीला टेकून ठेवायचा, तसाही खुब्याला ताण मिळतो.

हातांना विसरू नका. वॉकर, कुबड्या, पलंगावरून खुर्चीत जाणं सगळं खांद्यांवर आणि दंडांवर येणार आहे. पलंगावर बसून दोन्ही तळवे बाजूला टेकून ढुंगण जरा वर उचलायचं, हा एक व्यायाम जमायला लागला की पुढचं बरंच सोपं जातं.

व्यायाम थांबवून लगेच फोन कधी करायचा तेही ऐका. ताप, पू, घाण वास, टाक्यांची कड काळी पडणं, जखम उघडल्यासारखी वाटणं, दुसऱ्या पायाची पोटरी अचानक सुजून दुखणं. छातीत दुखलं किंवा दम लागायला लागला तर फोनची वाट न बघता सरळ दवाखाना.

प्रश्न (चिपळूण): आईचा पाय गुडघ्याच्या वरून काढलाय. क्रेप बँडेज बांधायला सांगितलंय पण ते दर वेळी सुटून खाली येतं, मग मी वरून जरा घट्ट बांधतो. ४ इंची घ्यायचं की ६ इंची? आणि किती दिवस बांधायचं?

उत्तर: गुडघ्यावरून असेल तर ६ इंची, गुडघ्याखालून असेल तर ४ इंची. पण दादा, तुम्ही वरून घट्ट बांधताय ते आधी बंद करा. बँडेज टोकाला सगळ्यात घट्ट आणि वर जाताना सैल सैल होत गेलं पाहिजे, कारण आपल्याला सूज टोकाकडून वर ढकलायची आहे. वर आवळलं तर सूज खाली अडकते, टोक फुगून स्टंपचा डंबेल होतो, आणि रक्त अडलं तर जखमेचंच नुकसान.

गोल गोल गुंडाळायचंच नाही. तिरपं न्यायचं, टोकावरून आणायचं, पुन्हा उलट बाजूने तिरपं वर, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं. मांडीच्या स्टंपला दोन-तीन वेढे कमरेभोवती नेऊन परत आणावे लागतात, त्याशिवाय ते खाली येणारच, तुमचं तेच होतंय. बांधताना आईला चांगल्या कुशीवर झोपवा आणि मांडी सरळ असू दे, वाकलेल्या मांडीवर बांधलं की ती वाकलेलीच राहते. जांघेपर्यंत बांधा, आतल्या बाजूला मांसाची वळकटी मोकळी सुटली तर पुढे नकली पायाची कड नेमकी तिथेच रुतते आणि ती जागा सोलवटते.

दर ४-५ तासांनी सोडायचं, कातडी बघायची, पुन्हा बांधायचं. रात्रीही ठेवायचं, आंघोळीला काढायचं. आत ठणकायला लागलं, कातडी निळी दिसली, तर सोडून सैल बांधा. दोन जोड ठेवा, धुतलेलं पिळू नका आणि तारेवर लोंबत वाळत टाकू नका, सपाट पसरून वाळवा, नाहीतर त्याचं इलॅस्टिक मरतं. पायातल्या रक्तवाहिन्या बंद झाल्यामुळे ऑपरेशन झालेलं असेल तर किती दाब चालेल ते सर्जनना विचारूनच. किती दिवस, तर नकली पाय मिळून तो रोज वापरात येईपर्यंत. जखम भरल्यावर श्रिंकर सॉक्स, म्हणजे स्टंपवर चढवायचा घट्ट इलॅस्टिकचा मोजा, मिळतो, ज्या घरात नीट बांधणारं कोणी नाही तिथे तो घेतलेला बरा.

प्रश्न (कल्याण): मिस्टरांचा ट्रेनमधून पडून ॲक्सिडेंट झाला, ३८ वय, डावा पाय मांडीपासून गेला. दोन महिने होत आले. त्यांना नसलेल्या पायाची बोटं वळल्यासारखी, कोणीतरी पिळतंय असं दुखतं, रात्री जास्त. आधी महिनाभर त्यांनी कोणाला सांगितलंच नाही, लोक वेडा म्हणतील म्हणून. सासूबाई म्हणतात पाय नीट पुरला नसेल, त्याचं काहीतरी करायला पाहिजे, एका माणसाला त्यांनी विचारूनही आल्यात आणि तो बराच खर्च सांगतोय. मला काही सुचत नाही.

उत्तर: ताई, सगळ्यात आधी मिस्टरांना हे वाचून दाखवा: तुम्हाला वेड लागलेलं नाही, दुखणं खरं आहे, आणि पाय गेलेल्या बहुतेक लोकांना कमीजास्त प्रमाणात असं काहीतरी जाणवतं. १९ व्या शतकात अमेरिकन सिव्हिल वॉरमधल्या जखमी सैनिकांना तपासणाऱ्या सायलस वेअर मिचेल नावाच्या डॉक्टरांनी ह्यावर लिहून ठेवलंय, त्याला फँटम लिंब, म्हणजे नसलेला अवयव असल्यासारखा जाणवणं, म्हणतात. ज्यांना हे होतं त्यातले बरेच जण तुमच्या मिस्टरांसारखेच गप्प बसतात, आणि एकट्याने सहन करत राहतात ते मला फार वाईट वाटतं.

होतं असं की पाय गेला तरी मेंदूतली त्या पायाची जागा तशीच असते. कापलेल्या नसांच्या टोकांकडून उलटसुलट संदेश येत राहतात, आणि मेंदू ते पायाच्याच नावावर टाकतो. पाय कुठे पुरला, कसा पुरला ह्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. सासूबाईंशी भांडू नका, त्याही मुलाच्या काळजीने करतायत, त्यांना पुढच्या व्हिजिटला सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. त्या माणसाला मात्र एक रुपयाही देऊ नका, तो पैसा तुम्हाला पुढे पायासाठी लागणार आहे.

घरी करण्यासारखं बरंच आहे. स्टंपला स्पर्शाची सवय करा, आधी कापसाने, मग मऊ कापडाने, मग टॉवेलने, मग बोटांनी हलकं टॅप करत, दिवसातून दोन-तीन वेळा पाच पाच मिनिटं. जखम पूर्ण भरलेली असेल तर खोबरेल तेलाचा हात लावून वणाच्या आजूबाजूची कातडी गोल गोल सैल करा, वण खाली हाडाला चिकटता कामा नये. बँडेज नीट असलं की त्या दाबानेही बऱ्याच जणांचं दुखणं उतरतं.

मग आरसा. व्ही. एस. रामचंद्रन ह्या मूळच्या आपल्याकडच्या न्यूरोसायंटिस्टने १९९० च्या दशकात हे हाताच्या पेशंटवर सुरू केलं, आता पायालाही करतात. कपाटाला असतो तसा लांब आरसा मिळाला तर उत्तम. मिस्टरांना पलंगावर पाय लांब करून बसवा, आरसा दोन पायांच्या मध्ये उभा धरा, स्टंप आरशाच्या मागे झाकला गेला पाहिजे आणि चांगला पाय आरशात दिसला पाहिजे. वाकून बघितलं की दोन्ही पाय आहेत असं दिसतं. आता चांगल्या पायाची बोटं हळूहळू उघडायची, पाऊल वर-खाली करायचं, आणि नजर आरशावर ठेवून मनाने नसलेल्या पायानेही तेच करायचं. वळलेली बोटं उघडतायत असं खूप जणांना जाणवतं. खोली शांत हवी, मुलं पळतायत, टीव्ही चालू आहे असं नको. रोज १५ मिनिटं, काही आठवडे तरी. पहिल्या दिवशी काही जण रडतात, काहींना गरगरतं, तर थांबा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. सगळ्यांना गुण येतो असं मी म्हणणार नाही, पण खर्च आरशापुरता आहे आणि धोका जवळजवळ नाही.

आणि गोळ्या असतात, नसांच्या दुखण्याच्या वेगळ्या, साध्या पेनकिलरने हे जात नाही म्हणून लोक म्हणतात औषधाचा उपयोग नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दुखणं नसलेल्या पायात आहे. स्टंपच्याच एका ठराविक ठिपक्यावर दाबल्यावर करंट बसल्यासारखं होत असेल तर तेही सांगा, तिथे नसेची गाठ झालेली असू शकते, तिचा इलाज वेगळा.

प्रश्न (परभणी): माझी आई रात्री बाथरूमला उठली आणि पाय आहे असं समजून उतरली, धाडकन पडली. नशीब फ्रॅक्चर नाही. हे परत होऊ नये म्हणून काय करता येईल? आमच्याकडे संडास खाली बसायचा आहे.

उत्तर: वर लिहिलं तेच कारण, झोपेत मेंदूला पाय असतोच. पडल्यानंतर स्टंप तपासून घेतला ना? नसेल तर उद्याच दाखवा, आतून रक्त साकळलेलं असू शकतं.

पहिले काही महिने रात्री आईने उतरायचंच नाही असं ठेवा, पलंगाजवळ कमोड चेअर किंवा भांडं. पलंग आणि चांगल्या पायाची बाजू अशी लावा की उतरताना चांगला पाय आधी जमिनीला लागेल, भिंत स्टंपच्या बाजूला. वॉकर हाताला लागेल असा, त्याच्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत. रात्रभर एक छोटा दिवा. झोपताना आणि उठताना स्टंपवरून हात फिरवून मगच हलायचं, ही सवय लावा, साधी आहे पण उपयोगी पडते. पायपुसणी, घडीच्या सतरंज्या उचलून टाका, उंबऱ्याला रंगाची पट्टी मारा.

खाली बसायच्या संडासावर ठेवायची कमोड खुर्ची सर्जिकलच्या दुकानात मिळते, मात्र तिच्या पायांची रबरी बुचं नीट बघून घ्या आणि भिंतीत एक दांडी बसवा, टॉवेल अडकवायची नाही, माणसाचं वजन घेईल अशी.

आणि समजा पडलीच, तर दोघांनी दंडाला धरून ओढू नका, खांदा निखळतो. आधी तिथेच बसू दे, लागलंय का बघा. मग बसल्या बसल्या मागे सरकत पाटावर, पाटावरून बुटक्या स्टुलावर, स्टुलावरून पलंगावर, हाताच्या जोरावर. हे पडायच्या आधी दोनदा दिवसा करून बघा. व्हीलचेअर असेल तर आणखी एक, पाय नसल्यामुळे पुढचं वजन कमी होतं आणि खुर्ची चढावर मागे उलटते, मागे छोटी चाकं लावून मिळतात ती लावून घ्या.

प्रश्न (सांगली): मी २७ वर्षांचा आहे, बाईक ॲक्सिडेंटमध्ये उजवा पाय गुडघ्याखालून गेला, ५ आठवडे झाले. टाके निघाले. मला लवकरात लवकर जयपूर फूट बसवून कामावर जायचंय, पण तिकडे गेलो तर म्हणाले अजून थांब. मित्र म्हणतो जर्मन कंपनीचा पाय घे, लोन काढू. नक्की कधी आणि कुठे? आणि तोपर्यंत घरी बसून काय करू?

उत्तर: थांब म्हणाले ते बरोबर म्हणाले. जखम पूर्ण भरलेली हवी, सूज उतरून स्टंप खाली निमुळता झालेला हवा, गुडघा पूर्ण सरळ आणि चांगला वाकणारा हवा. तुझ्यासारख्या तरुण माणसाला हे साधारण दीड-दोन महिन्यांत जमतं, शुगरवाल्यांना जास्त वेळ लागतो. घाईने सुजलेल्या स्टंपचं माप घेतलं तर महिन्याभरात सॉकेट, म्हणजे नकली पायाची स्टंप बसतो ती वाटी, ढिलं होतं आणि चालताना घासून जखमा. तसंही पहिला पाय कायमचा नसतो, पहिल्या वर्षात स्टंप बारीक होत राहतो, सॉकेट बदलावं लागतंच. म्हणून पहिल्याच पायासाठी मोठं लोन काढू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे घालायचेच तर चांगल्या सॉकेटमध्ये घाल, पाऊल कितीही भारी असलं आणि सॉकेट लागत असलं तर तो पाय कोपऱ्यातच पडून राहतो.

जयपूर फूट काही कमी दर्जाचा असतो असं समजू नकोस. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह हॉस्पिटलमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिरांनी तो बनवला, आपल्याकडची माणसं अनवाणी चालतात, उकिडवी बसतात, चिखलात उतरतात हे बघून. त्या कामासाठी सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि १९७५ पासून भगवान महावीर विकलांग सहायता समिती ही संस्था तो फुकट बसवते. आपल्या राज्यात मुंबईला हाजी अलीला केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनची मोठी संस्था आहे, १९५५ पासूनची, तिथे डॉक्टर, फिजिओ आणि पाय बनवणारे एकाच छताखाली असतात. पुण्यात वानवडीला लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून आहे आणि तिथे सिव्हिलियन लोकांनाही पाय बनवून देतात. कानपूरची नकली अवयव बनवणारी सरकारी कंपनी अलिम्को केंद्राच्या एडिप ह्या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून शिबिरं घेते, तुझ्या जिल्ह्यात कधी आहे ते समाजकल्याण ऑफिसला विचार. आणि सिव्हिल हॉस्पिटलमधून दिव्यांग सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज आत्ताच टाकून ठेव, दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर एसटीच्या सवलतीपासून २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या नोकरीच्या आरक्षणापर्यंत सगळ्याला तेच लागतं.

तोपर्यंत काय करू म्हणतोस, तर हाच तुझा कामाचा काळ आहे. पाय तुला कोणीही बसवून देईल, तो उचलणारी मांडी तुलाच तयार करावी लागणार. नकली पायावर चालायला ताकद जास्त लागते, गुडघा वाचलाय म्हणून तुला साधारण पाव पट जास्त, गुडघ्यावरून गेलेल्यांना निम्म्याहून जास्त. वरचे आण्णांचे सगळे व्यायाम कर आणि त्यात भर घाल. पाठीवर झोपून स्टंपखाली, मांडीच्या खालच्या भागाला, टॉवेलची जाड गुंडाळी घे आणि ती दाबून कंबर उचल. कुशीवर झोपून पाय वर. पालथं झोपून सरळ पाय मागे उचलणं. थेराबँड, म्हणजे व्यायामाचा रबरी पट्टा, बांधून गुडघा सरळ करणं. ओट्याला धरून एका पायावर उभं राहून तोल, आधी दोन हात, मग एक हात, मग बोटं, मागे खुर्ची ठेवूनच. आणि चाल, कुबड्यांवर रोज चाल, कुबडी काखेत रुतवायची नाही, वजन तळहातावर. बिडी-सिगरेट-गुटखा काही असेल तर बंद, तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही.

प्रश्न (अमेरिकेतून, मूळ नाशिक): बाबा ७१ वर्षांचे, गुडघ्यावरून पाय काढला, दीड महिना झाला. आई आणि एक मदतनीस आहेत. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असतात, फिजिओ आले की झोपल्याचं नाटक करतात. मी त्यांना नकली पायाने एव्हरेस्ट चढलेल्या अरुणिमा सिन्हांचे व्हिडिओ पाठवले, त्यांनी फोन बाजूला ठेवला. इतक्या लांबून मी काय करू?

उत्तर: अरुणिमा सिन्हा २०१३ मध्ये एव्हरेस्टवर गेल्या, त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण त्या तेव्हा विशीत होत्या आणि नॅशनल लेव्हलच्या व्हॉलीबॉल खेळाडू होत्या. तुमच्या बाबांना ७१ व्या वर्षी दुसऱ्याच्या आधाराने संडासला जावं लागतंय. त्यांना शिखर दाखवलं की ते अंतर अजूनच मोठं वाटतं. व्हिडिओ थांबवा.

त्यांना विचारा, बाबा तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची लाज वाटते किंवा राग येतो, आणि ते सांगतील तिथून सुरुवात करा. बहुतेक वेळा उत्तर असतं की दुसऱ्याने धुवावं लागतं. मग आठवड्याचं काम एवढंच, पलंगावरून कमोड चेअरवर स्वतः जाणं. फिजिओंना सांगा की व्यायाम हा शब्दच काढू नका, हे एक काम शिकवा, त्यात दंड, तोल, खुबा सगळं येतंच. पुढच्या आठवड्यात गॅलरीपर्यंत, मग वॉकरवर देवघरापर्यंत. मदतनिसांना आणि आईला सांगा, पाण्याचा ग्लास हातात द्यायचा नाही, हात लांब करून घ्यावा लागेल एवढ्या अंतरावर ठेवायचा. हे कठोर वाटतं पण सगळं हातात मिळालं की माणूस अजून खचतो. पलंगाची दिशा फिरवा, भिंतीऐवजी दार आणि घरातली वर्दळ समोर येऊ दे. त्यांच्या वयाचा, पाय काढलेला पण आता चालणारा एखादा माणूस नाशिकमध्ये नक्की सापडेल, पाय बनवणाऱ्या सेंटरवाल्यांना विचारा, असा माणूस अर्धा तास येऊन बसला तर आपल्या दहा फोनपेक्षा जास्त काम होतं.

पण दीड महिना भिंतीकडे तोंड म्हणजे हे साधं दुःख राहिलेलं नसू शकतं. झोप, भूक गेलीय का, जगून काय करू असं बोलतात का हे आईला विचारा, आणि मानसोपचार तज्ज्ञांची अपॉइंटमेंट ह्याच आठवड्यात घ्या. दुखणं पूर्ण आटोक्यात आहे का तेही बघा, दुखतंय म्हणूनही माणूस नाटक करतो. आणि गुडघ्यावरून पाय काढलेला माणूस तासन्‌तास कुशीवर आखडून पडला तर खुबा पुढे वाकलेलाच आखडेल, म्हणून बाकी काही नाही केलं तरी दिवसातून दोनदा सपाट झोपवणं आईकडून करून घ्या.

प्रश्न (बार्शीच्याच ताईंची पुरवणी): आण्णा वॉकर सोडून चांगल्या पायावर उड्या मारत खोलीभर जातात, आम्हाला बरं वाटतं की हालचाल करतायत. चालेल ना?

उत्तर: शुगरच्या माणसाला नाही चालणार. अख्खं वजन एकाच पावलावर आपटतं, आणि त्या पावलालाही संवेदना कमी असणार, म्हणजे फोड आला तरी कळणार नाही. एक पाय गेलेल्या शुगरच्या पेशंटला दुसऱ्या पायाचा धोका बराच जास्त असतो. वॉकर धरूनच, आणि घरातसुद्धा एमसीआर नावाच्या मऊ रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल घालून, अनवाणी एक पाऊलही नाही. रोज संध्याकाळी तुम्ही स्वतः त्यांचं पाऊल मांडीवर घ्या, तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या बघा, हाताच्या मागच्या बाजूने गरम-गार तपासा. एखादी जागा लाल किंवा जास्त गरम लागली तर त्या दिवशी चालणं बंद आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर. शेक, गरम पाण्याची पिशवी, ब्लेडने भोवरी कापणं, सगळं बंद.